छोटा पेनड्राइव्ह : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

मागील अंकात लॅपटॉपची निगा कशी राखावी याविषयी लिहिताना नखाएवढ्या पेनड्राइव्हचा उल्लेख जाता जाता आला होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. काही पत्रांतील प्रश्न एकसारखे असल्याने ते एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत संपते तेथे दोनच ओळी लिहिल्या आहेत आणि जेथे लोकांचे पैसे किंवा आठवणी बुडतात तेथे थोडे सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : माझा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. हंगामात रात्र-रात्र गाडी चालते आणि टेपवर गाणी लागतातच. लांब पेनड्राइव्ह गुडघ्याचा धक्का लागून मोडला आणि आता टेपची खाचही सैल झाली आहे. अगदी छोटा पेनड्राइव्ह घ्यावा का, किती जीबीचा घ्यावा, आणि गाणी नेहमी उलटसुलट क्रमाने का वाजतात?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : आपल्या कामासाठी छोटाच पेनड्राइव्ह योग्य आहे. यूएसबीचे तोंड जेमतेम १२ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर जाड असते. त्याला चार-पाच सेंटिमीटर लांबीचा पेनड्राइव्ह जोडला, की शेतातल्या चाकोरीतून जाताना बसणारा प्रत्येक हादरा त्या लांबीमुळे खाचेवर अनेक पटींनी पडतो. आधी आतले पत्रे वाकतात आणि मग टेप मधूनच बंद पडू लागतो. छोटा पेनड्राइव्ह खाचेबाहेर अगदी थोडाच येतो, त्यामुळे त्याला धक्का लागण्याची शक्यता फार कमी होते. सॅनडिस्कचा अल्ट्रा फिट, सॅमसंगचा फिट प्लस, किंग्स्टनचा डेटाट्रॅव्हलर मायक्रो हे या प्रकारातले परिचित नमुने आहेत. मात्र सैल झालेली खाच नव्या पेनड्राइव्हने घट्ट होणार नाही. ती टेप दुरुस्त करणाऱ्याकडून आधी बदलून घ्यावी.

वेगाकडे आपण मुळीच पाहू नये. चांगल्या प्रतीच्या एमपीथ्री गाण्यालाही सेकंदाला सुमारे ४० केबी एवढीच माहिती लागते आणि ती जुन्यात जुना यूएसबी २.० पेनड्राइव्हही सहज पुरवतो. गाणे पाच मिनिटांचे आणि साध्या प्रतीचे धरले, तर ३२ जीबीमध्ये सहा हजारांच्या आसपास गाणी बसतात. एका हंगामाला एवढी पुष्कळ झाली. त्याहून मोठा पेनड्राइव्ह घेण्यात एक अडचणही आहे. बहुतेक गाड्यांच्या टेपला फाइली साठवण्याची एफएटी३२ हीच मांडणी समजते, आणि ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला (म्हणजे सगळे पुसून नव्याने मांडायला) घेतला की बहुतेक विंडोज संगणकांवर तो पर्याय यादीत दिसतच नाही.

गाण्यांच्या क्रमाविषयी सांगायचे, तर अनेक टेप नावानुसार गाणी लावत नाहीत. ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हवर नोंदवल्या गेल्या त्याच क्रमाने ते वाजवत जातात. म्हणून पेनड्राइव्ह एकदा रिकामा फॉरमॅट करावा, गाण्यांच्या नावांपुढे ००१, ००२ असे आकडे घालावेत, आणि एकेक फोल्डर हव्या त्या क्रमाने कॉपी करावा. एका फोल्डरमधली सगळी गाणी निवडून ओढायची असतील, तर पहिल्या गाण्यावर माउस धरून ओढावीत, नाहीतर विंडोज मधल्याच गाण्यापासून सुरुवात करते. मूळ गाणी घरच्या संगणकावर राहू द्यावीत. एप्रिल-मेच्या उन्हात बंद केबिनमध्ये राहिलेला पेनड्राइव्ह केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. शेवटची सूचना अशी, की ज्याच्या टोकाला दोरा ओवण्याइतके भोक आहे असा नमुना मिळाला तर तोच घ्यावा, कारण वंगणाच्या बोटांनी तो गुळगुळीत तुकडा खाचेतून ओढणे हे कसरतीचे काम असते.

प्रश्न : ऑनलाइन खरेदीत २ टीबीचा (म्हणजे सुमारे दोन हजार जीबीचा) छोटा पेनड्राइव्ह काहीशे रुपयांत मिळाला. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात भरले. सुरुवातीचे काही फोल्डर नीट उघडतात. पुढच्या फाइलींची नावे दिसतात, आकारही दिसतो, पण एकही फाइल उघडत नाही. दुरुस्ती करून त्या मिळतील का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्याला हे वाचून वाईट वाटेल, पण ज्या फाइली उघडत नाहीत त्यांपैकी बहुतेक त्या पेनड्राइव्हवर लिहिल्याच गेलेल्या नाहीत. त्यामुळे दुरुस्तीला काही जागाच उरत नाही. जे घडले ते कसे घडले, हे समजून घेतले तर पुढची फसवणूक टळेल.

प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये दोन भाग असतात. माहिती साठवणारी फ्लॅश चिप हा पहिला भाग आणि संगणकाशी बोलणारा कंट्रोलर हा दुसरा. संगणक पेनड्राइव्हची क्षमता स्वतः मोजत नाही, तो कंट्रोलरला विचारतो आणि कंट्रोलर सांगेल तेच खरे मानतो. बनावट पेनड्राइव्हमध्ये चिप ८, १६ किंवा ३२ जीबीची असते आणि कंट्रोलरला मात्र '२ टीबी' असे सांगायला शिकवलेले असते. पन्नास पोत्यांच्या गोदामात बसलेला कारकून हजार पोती हळदीच्या पावत्या फाडत राहिला तर जे होईल तेच येथे होते. खरी जागा भरेपर्यंत सर्व काही ठीक चालते, त्यानंतर आलेली माहिती कंट्रोलर एक तर टाकून देतो किंवा आधीच्या माहितीवरच लिहितो. फाइलींच्या नावांची यादी पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते आणि तो भाग खरा असतो, म्हणून नावे आणि आकार अगदी व्यवस्थित दिसतात. ही फसवणूक लक्षात यायला वेळ लागतो याचे कारण हेच. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत बहुतेकांचा पेनड्राइव्ह खऱ्या जागेपुरताही भरलेला नसतो.

आता आपण त्यावर आणखी काहीही लिहू नये, फॉरमॅट करू नये, 'दुरुस्त करा' अशी सूचना आली तरी ती स्वीकारू नये. ज्या फाइली उघडतात त्या आजच संगणकावर उतरवून घ्याव्यात. नंतर लगेच छायाचित्रकाराला फोन करावा. लग्नाचे काम करणारे लोक मूळ फोटो आपल्या संगणकावर काही काळ ठेवतात, परंतु जागा कमी पडू लागली की जुनी कामे काढून टाकतात. नातेवाइकांच्या फोनमध्येही पुष्कळ काही सापडते.

१ टीबीचे खरे पेनड्राइव्ह बाजारात आहेत, पण त्यांची किंमत हजारांत असते. नामांकित कंपनीच्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात २ टीबी कोणी देऊ शकत नाही, हा हिशेब करायला तंत्रज्ञान कळावे लागत नाही. वेष्टनावर कंपनीचे नाव आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण नावाचीही नक्कल होते. नवा पेनड्राइव्ह आणला, मग तो गणपती पेठेतल्या दुकानातून आणलेला असो वा ऑनलाइन मागवलेला, पहिल्याच दिवशी त्याची तपासणी करावी. विंडोजसाठी 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स किंवा मॅकसाठी 'एफथ्री' ही मोफत साधने आहेत. ती पेनड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि भरलेले सर्व परत वाचून ताडून पाहतात. ६४ जीबीचा मंद पेनड्राइव्ह असेल तर याला दोन-तीन तास लागतात. रात्री जेवणानंतर लावून ठेवावे आणि झोपण्यापूर्वी निकाल पाहावा. तपासणी रिकाम्या पेनड्राइव्हवरच करायची असते, हे लक्षात ठेवावे.

पैशांविषयी : विक्रेत्याकडे तपासणीच्या निकालाच्या छायाचित्रासह लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. रक्कम लहान आहे म्हणून बहुतेक जण हा विषय सोडून देतात आणि विक्रेतेही नेमके त्याच भरवशावर असतात.

प्रश्न : शाळेसाठी ६४ जीबीचे पेनड्राइव्ह घेतले. संगणकावर ते ५९ जीबीहूनही कमी दिसतात. आम्ही फसलो का? तसेच वेष्टनावर 'यूएसबी ३.२ जेन १' असे छापले आहे, तरी वर्गातल्या जुन्या संगणकावर व्हिडिओ कॉपी व्हायला फार वेळ लागतो. असे का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतात आणि विंडोज १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे अधिक बाइट असे धरते. त्यामुळे ६४ जीबीचा आकडा विंडोजमध्ये ५९.६ इतका होतो. त्यातूनही थोडी जागा कंट्रोलर स्वतःच्या कामासाठी राखून ठेवतो, म्हणून ५७ किंवा ५८ दिसले तरी घाबरू नये. ४० किंवा ३० दिसले, तर मात्र विश्रामबागच्या वाचकांना दिलेले उत्तर वाचावे.

वेगाचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा मोठा दोष या मानकांना नावे देणाऱ्यांकडे जातो. यूएसबी २.० हे मानक २००० साली आले. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, पण प्रत्यक्षात ३०-४० एमबीच्या वर ते क्वचित जाते. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ५ गिगाबिटपर्यंत नेली. पुढे त्याच ३.० ला '३.१ जेन १' आणि नंतर '३.२ जेन १' अशी नवी नावे दिली गेली. नाव बदलले तरी वेग तोच राहिला. म्हणून 'यूएसबी ३.०' असे छापलेला जुना पेनड्राइव्ह आणि आपला '३.२ जेन १' यांत केवळ नावावरून डावे-उजवे ठरवता येत नाही.

वर्गातल्या जुन्या संगणकाची खाच यूएसबी २.० ची असेल, तर पेनड्राइव्ह कितीही चांगला असला तरी तो त्याच वेगाने चालेल. खाचेच्या आत डोकावून पाहावे. आतली पट्टी निळी असेल तर ती बहुधा ३.० ची असते, काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा २.० ची. काही टेबलावरच्या संगणकांना पुढच्या बाजूला जुनी आणि मागच्या बाजूला नवी खाच असते, तेव्हा मागे वाकून बघण्याचे कष्ट घ्यावेत.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. वेष्टनावर ठळक छापलेला वेग हा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा वेग किती, हे छोट्या पेनड्राइव्हच्या वेष्टनावर बहुधा छापतच नाहीत. सेकंदाला १०० एमबीपेक्षा जास्त वेगाने वाचणारा पेनड्राइव्ह लिहिताना १० एमबीवर रेंगाळू शकतो. २० जीबीचे व्हिडिओ त्यावर भरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल, आणि ६० एमबीने लिहिणाऱ्या पेनड्राइव्हवर तेच काम साडेपाच-सहा मिनिटांत होईल. एकाच नमुन्यात अनेकदा १६ किंवा ३२ जीबीपेक्षा ६४ आणि १२८ जीबीचे पेनड्राइव्ह लवकर लिहितात, कारण त्यांत मेमरीचे अधिक भाग एकाच वेळी कामाला लावता येतात. आणखी एक गोष्ट आपल्या कामाला येईल. विद्यार्थ्यांच्या शेकडो लहान-लहान फाइली कॉपी करायच्या असतील, तर आधी त्या फोल्डरची एक झिप फाइल करावी आणि तीच कॉपी करावी. प्रत्येक लहान फाइलीमागे होणारी नोंद वाचते आणि वेळेतला फरक डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : लॅपटॉपला कायम लावून ठेवलेला छोटा पेनड्राइव्ह हात लावला तर चटका बसावा इतका तापतो. हे धोक्याचे आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : मोठी फाइल कॉपी होत असताना तापणे स्वाभाविक आहे. चिप, कंट्रोलर आणि जोडणी हे सर्व त्या इवल्याशा तुकड्यात कोंबलेले असते आणि उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग जवळजवळ नसतोच. धातूचे आवरण हाताला जास्त गरम लागते, पण त्याचा अर्थ ते आतली उष्णता बाहेर टाकते आहे असा होतो. फार तापल्यावर काही पेनड्राइव्ह आपला वेग स्वतःहून कमी करतात. काही कॉपी होत नसतानाही तो तितकाच तापलेला राहत असेल, तर त्यातली माहिती उतरवून घेऊन तो बदलावा. लॅपटॉपची साठवण वाढवण्यासाठी तो कायम लावून ठेवायचा असेल, तर त्यावर चित्रपट, गाणी, संदर्भाची पुस्तके ठेवावीत. रोज बदलणारे काम त्यावर ठेवू नये.

प्रश्न : अर्जाची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला. घरी आल्यावर सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झाले होते आणि मूळ फाइली गायब. मित्र म्हणतो फॉरमॅट कर.
— एक विद्यार्थी, कोरेगाव

उत्तर : मित्राचे ऐकण्याची घाई करू नये. हा जुना आणि चांगला माहीत असलेला व्हायरस आहे. तो मूळ फाइली बहुधा पुसत नाही, लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. त्या शॉर्टकटवर क्लिक केले की फाइल उघडते आणि सोबत व्हायरसही संगणकात शिरतो. त्यामुळे एकाही शॉर्टकटवर क्लिक करू नये. अँटीव्हायरस अद्ययावत असलेल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावावा, आधी पूर्ण तपासणी करावी, मग 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण करावी. तरीही फाइली दिसल्या नाहीत, तर फोल्डरच्या पर्यायांत 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवण्याची खूण काढावी. फाइली दिसू लागतील. आपले दस्तऐवज आणि फोटो तेवढे उतरवून घ्यावेत आणि मगच मित्राचा सल्ला अमलात आणावा.

झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाकडे कधी निरखून पाहिले आहे का? डेस्कटॉपवर आधार कार्ड, जातीचा दाखला, सात-बारा, गुणपत्रिका अशा अनोळखी लोकांच्या फाइलींची रांग लागलेली असते. प्रवेशाच्या दिवसांत तेथे दर मिनिटाला नवा पेनड्राइव्ह लागतो आणि दुकानदाराला प्रत्येक वेळी तपासणी करत बसणे शक्य नसते. म्हणून दुकानात न्यायचा पेनड्राइव्ह वेगळाच असावा. घरात पडलेला ४ किंवा ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह त्याला पुरे. त्यावर ज्याची प्रिंट हवी तेवढीच पीडीएफ ठेवावी, आधार देणे भाग असेल तर पहिले आठ अंक झाकलेले 'मास्क्ड आधार' चालते का ते विचारावे, आणि काम झाल्यावर दुकानदाराने फाइल आपल्या संगणकावर कॉपी केली असेल तर ती समोर उभे राहून पुसून घ्यावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी कर सल्लागाराकडे काम करतो. अशिलांच्या हिशेबाच्या फाइली असलेला छोटा पेनड्राइव्ह एसटीत कोठेतरी पडला. पुन्हा असे झाले तर माहिती सुरक्षित राहील असा काही उपाय आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : छोट्या पेनड्राइव्हचा सर्वांत मोठा दोष आपण अनुभवला आहे. तो खिशातून पडला तर आवाज होत नाही आणि बसच्या आसनाच्या फटीत गेला तर सापडत नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवण्याची सोय असलेलाच नमुना घ्यावा, हा पहिला उपाय. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे पेनड्राइव्हला कुलूप लावणे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर टू गो' ही सोय आहे. पेनड्राइव्हवर उजवी क्लिक करून ती सुरू करता येते आणि पासवर्ड दिल्याशिवाय आतले काहीच वाचता येत नाही. होम आवृत्तीच्या संगणकावर असे कुलूप लावता येत नाही, पण पासवर्ड माहीत असेल तर लावलेले उघडता येते. सर्वांकडे होम आवृत्तीच असेल, तर 'व्हेराक्रिप्ट' हे मोफत साधन वापरावे. कुलूप लावताना बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की देते, ती छापून कार्यालयाच्या फाइलीत ठेवावी. ती त्याच पेनड्राइव्हवर ठेवणारे लोकही आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले. कुलूपबंद पेनड्राइव्ह टीव्ही किंवा गाडीचा टेप वाचू शकत नाही, पण आपल्या कामात त्याची गरजही नाही.

हरवलेल्या पेनड्राइव्हमधून पूर्वी पुसलेल्या फाइलीही परत काढता येतात, कारण पुसताना बहुधा फक्त नोंद काढली जाते आणि मजकूर तसाच राहतो. तेव्हा कोणत्या अशिलांची माहिती त्यावर केव्हा ना केव्हा होती, याची यादी करून आपल्या वरिष्ठांना सांगावी. हे अवघड आहे, पण अशिलाला ते बाहेरून कळण्यापेक्षा बरे.

प्रश्न : बेदाण्याच्या सौद्यांचा हिशेब रोज रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो. 'इजेक्ट' न करता काढला तर चालते असे मुलगा म्हणतो.
— एक व्यापारी, तासगाव

उत्तर : मुलगा अगदीच चुकीचे सांगत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमधील विंडोज १० च्या सुधारणेपासून पेनड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत आपोआप लागू असते आणि लिहिणे चालू नसेल तर तो थेट काढता येतो. अडचण 'चालू नसेल तर' या अटीत आहे. छोट्या पेनड्राइव्हला बहुधा दिवा नसतो, त्यामुळे आत काही लिहिले जात आहे का ते दिसत नाही. हिशेबाचा बॅकअप असेल तर इजेक्टवर क्लिक करण्याचे दोन सेकंद खर्च करावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन पेनड्राइव्ह ठेवून आलटून-पालटून बॅकअप घ्यावा आणि त्यांपैकी एक दुकानात ठेवू नये. आठवड्यातून एकदा त्यातली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहावी. न उघडणारा बॅकअप वेळेवर घेतला होता, याचे समाधान मार्चअखेरीस कोणालाच मिळत नाही.

प्रश्न : आजोबांच्या मैफलींच्या कॅसेट आम्ही डिजिटल करून घेतल्या. काम करणाऱ्याने सर्व ध्वनिमुद्रणे एका छोट्या १२८ जीबी पेनड्राइव्हमध्ये दिली आहेत. हा पेनड्राइव्ह कपाटात जपून ठेवला तर किती वर्षे टिकेल?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मिरजेसारख्या ज्या गावात तंबोरे आणि सतारी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात, त्या गावातून हा प्रश्न आला याचा आनंद आहे, पण उत्तर आनंदाचे नाही. पेनड्राइव्ह हे माहिती ने-आण करण्याचे साधन आहे. ती वर्षानुवर्षे राखून ठेवण्यासाठी ते बनवलेले नाही, आणि कपाटात ठेवलेला पेनड्राइव्ह अमुक वर्षे टिकेल असा शब्द मी देणार नाही.

फ्लॅश चिपमध्ये माहिती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते. वीज नसताना हा भार अत्यंत मंद गतीने गळत राहतो, आणि उष्णतेत अधिक लवकर गळतो. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट साठवत असत. आताच्या स्वस्त चिपमध्ये तीन किंवा चार साठवतात, त्यामुळे भारात थोडी घट झाली तरी वाचताना गोंधळ होऊ शकतो. छोट्या पेनड्राइव्हच्या बाबतीत आणखी एक तोटा आहे. मोठ्या पेनड्राइव्हमध्ये चिप वेगळी असते आणि कंट्रोलर बिघडला तर जाणकार ती काढून वाचण्याचा प्रयत्न करू शकतो. बऱ्याच छोट्या पेनड्राइव्हमध्ये सर्व भाग एकाच काळ्या वडीत ओतून बंद केलेले असतात. तो बंद पडला तर माहिती परत मिळवण्याचे काम फार अवघड आणि महाग होते.

आपण पुढीलप्रमाणे करावे असे सुचवतो. सर्व ध्वनिमुद्रणे दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत. त्यांपैकी एक घरात आणि दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर ज्यांनी पाहिला त्यांना 'दुसऱ्या गावच्या' या शब्दांचे कारण सांगावे लागणार नाही. एकाच घरातल्या दोन कपाटांत ठेवलेल्या प्रती त्या पाण्यात एकत्रच गेल्या. जमत असेल तर तिसरी प्रत क्लाउडवर असावी. वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला म्हणा, दोन्ही डिस्क लावून काही ध्वनिमुद्रणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावीत. मग तो पेनड्राइव्ह मात्र खुशाल वापरावा. नातवंडांना ऐकवायला, टीव्हीला लावायला, दुसऱ्या शहरातल्या शिष्यांकडे न्यायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

फाइली कोणत्या स्वरूपात दिल्या आहेत तेही तपासावे. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीला तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. तासाभराची फाइल केवळ ६० एमबीची असेल तर ती बहुधा एमपीथ्री आहे, म्हणजे ध्वनीचा काही भाग काढून टाकलेला आहे. अशा वेळी काम करणाऱ्याकडे मूळ वेव्ह फाइली मागाव्यात. जागा वाचवायची असेल, तर 'फ्लॅक' स्वरूपात ध्वनी जसाच्या तसा राहून आकार बराच कमी होतो. आणि कॅसेट टाकून देऊ नयेत.

प्रश्न : स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणाची साडेपाच जीबीची फाइल पेनड्राइव्हवर जात नाही. त्यावर पंचवीस जीबी जागा रिकामी आहे, तरी 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो.
— एक वाचक, वाई

उत्तर : आपला पेनड्राइव्ह एफएटी३२ मांडणीचा आहे आणि त्या मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. पेनड्राइव्हमधले सर्व काही आधी दुसरीकडे हलवावे, कारण पुढच्या कृतीने ते पुसले जाणार आहे. नंतर त्यावर उजवी क्लिक करून 'फॉरमॅट' निवडावे, मांडणीच्या यादीतून 'एक्सएफएटी' घ्यावे आणि फाइल पुन्हा कॉपी करावी. टीव्ही जुना असेल आणि एक्सएफएटी वाचत नसेल, तर 'एनटीएफएस' करून पाहावे. तेही जमले नाही, तर चित्रीकरणाचे दोन भाग करून एफएटी३२ वरच ठेवावेत. मध्यंतराच्या ठिकाणी भाग पाडले तर पाहणाऱ्यांची काही तक्रार येणार नाही.